तंबूतल्या सिनेमाचं मशीन

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. अंकुशनगरला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. माय भाकरीला हाक मारायची ती अशी, की पलीकडच्या ओळीतले लोक हात धुऊन तयार व्हायचे. अण्णा म्हणजे माझे वडील मिल फिटर होते. ऊस पिळणारे ते अजस्र लोखंडी रोलर सांभाळणं हे त्यांचं काम. हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस एक घरघर वसाहतीच्या जमिनीतूनच यायची, पाण्याच्या हंड्यावर बारीक वलयं उठायची, वाळत घातलेल्या धुण्यावर चिपाडाची काळी राख पडायची आणि मळीचा आंबूस वास कपड्यांत, केसांत, अगदी शाळेच्या पुस्तकांतही भरून राहायचा. त्या वासाला पाहुणे नाक मुरडायचे. मला मात्र आजही कुठे तो वास आला की पोटात भूक उठते, कारण त्या वासाबरोबर घरी रसावळ शिजायची, उसाच्या रसातला भात, आणि माय पातेल्याची खरवड माझ्यासाठी राखून ठेवायची. तर घरातलं हे ओरडून बोलणं मला कधी वेगळं वाटलंच नाही. आम्ही मूळचे मेंढरांमागचे लोक. आजोबा माळाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाशी गप्पा मारायचे. अण्णा आमच्या घराण्यातले नोकरी धरणारे पहिले. अशा घरात कुजबुजायची सवय कुणाला असणार, एवढाच माझा हिशेब.

गिटार माझ्या हाती आली ती सेनकाकूंमुळे. त्यांचे यजमान कारखान्यात केमिस्ट होते, कोलकात्याकडचे. काकू दुपारी दार लोटून घ्यायच्या, मांडीवर एक लांबट लाकडी फळी आडवी ठेवायच्या आणि तिच्या तारांवरून डाव्या हातातली पोलादी कांडी सरकवायच्या. तिला हवाईयन गिटार म्हणतात हे मला नंतर कळलं. आधी मला वाटलं होतं, बाई पाटावर लोणी फासतेय. त्या फळीला पोकळ पोट नव्हतं. तार नुसती छेडली तर डासाएवढा आवाज. पण काकू तिची वायर आपल्या जुन्या रेडिओच्या पाठीत खोचायच्या आणि बटण फिरवून थांबायच्या. काही क्षण काहीच व्हायचं नाही. मग रेडिओच्या आत, जाळीमागे, काचेच्या नळ्या एकेक करून नारिंगी व्हायच्या आणि त्या डासाचा माणूस व्हायचा. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा काकूंचं दळलेलं पीठ द्यायला आले होते. डबा तसाच धरून उभी राहिले. तो सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारत नव्हता, घसरत जात होता, रडून थांबलेल्या बाईच्या आवाजासारखा. देव बघितल्यावर माणसाला काय होत असेल ते मला त्या दुपारी समजलं, असं मी आजही म्हणते, आणि माझी नात मला हसते.

ही नात सध्या पुण्याला शिकते. तिची गिटार वेगळी, गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवायची. मागच्या सुट्टीत मोबाईलमध्ये तोंड घालून बसली होती. म्हणाली, "आज्जी, ट्यूबवाला अ‍ॅम्प घ्यायचाय, पण परवडणारा पाहिजे. अगं, काय एकेक किमती." मी म्हटलं, "ट्यूब म्हणजे आमचे व्हॉल्व्ह ना?" तिनं फोटो दाखवला. गिटारचा आवाज वाढवणारी एवढीशी पेटी, पण जाळीमागे त्याच नारिंगी नळ्या. आमच्या वेळी ती वस्तू परवडायची ती जुनाट, नकोशी म्हणून. आता तीच नको तेवढी महाग झालीय.

सेनकाकूंनी मला दोन हंगाम शिकवलं. तिसऱ्या वर्षी केमिस्टसाहेबांची दुसरीकडे बदली झाली. रेडिओ काकू घेऊन गेल्या, गिटार मात्र माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तू रोज बसायचं." मी रोज बसू लागले. माय म्हणायची, "झालं हिचं डबडं सुरू," पण बसू द्यायची. अण्णा ड्युटीवरून आले की आंघोळ करून माझ्यासमोर पाटावर बसायचे, डोळे मिटायचे आणि थोड्या थोड्या वेळानं म्हणायचे, "छान. लय छान." आमच्या वसाहतीत पोरीचं असलं वेड कौतुकानं ऐकणारा दुसरा बाप नव्हता. मी फुगून गेले होते.

एका संध्याकाळी तार उतरली म्हणून मी कांडी बाजूला ठेवून खुंटी पिळत बसले होते. वाजवतच नव्हते. समोर अण्णा डोळे मिटून डोलत होते. "छान," ते म्हणाले. "आता बराबर चाललंय. थांबू नको."

मी मायकडे बघितलं. माय चुलीजवळ होती. तिनं मान खाली घातली आणि परातीतलं पीठ उगाच पुन्हा मळायला घेतलं. अण्णा बाहेर गेल्यावर म्हणाली, "आता कळलं ना तुला? मोठं मोठं ऐकू येतं त्यायला. बारीक न्हाई येत. मिलनं कान खाल्ले." मी विचारलं, आपल्याला गिटार ऐकू येत नाही हे अण्णांना ठाऊक आहे का. "ठाऊक असल्याबिगर का सारखं छान छान म्हणतेत? तुला वाईट वाटू ने म्हणून. आन् तूबी काही बोलू नको. त्यांचा एवढाच एक मान राह्यलाय."

त्या रात्री मी जेवले नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. ज्या माणसासाठी मी वाजवत होते त्यानं माझा एक सूरही ऐकला नव्हता, आणि तरी एक दिवस चुकवला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. अण्णांना गिटार ऐकू गेली पाहिजे. बाकी जगानं ऐकली काय नि नाही ऐकली काय.

त्या दिवसांत भानुदासमामा, मायचा भाऊ, आपली मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरला होता. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, खत होतं म्हणून, आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य, कधी पैसे मिळतात. मामाला मी सगळं सांगितलं. मामा माणूस झटपट. म्हणाला, "मंग मशीन घेऊ. अंबडला शब्बीरभाई हाय, लग्नाला लाऊडस्पीकर देतो तो. माझी ओळख हाय. पण स्वस्तातलं बघू, आपल्याला काय वरात काढायची न्हाई." अण्णांना सांगायचं की शाळेच्या गॅदरिंगसाठी हवंय. मायनं कधीपासून बाजूला ठेवलेली चिल्लर आणि नोटा मामाच्या हातात दिल्या.

शब्बीरभाईंचं दुकान म्हणजे एका बोळीतली अंधारी खोली. भिंतीवर भोंगे टांगलेले, खाली वायरींची भेंडोळी. त्यांनी एक चकचकीत चंदेरी मशीन काढलं आणि वर लोखंडी भोंगा जोडला. "बेटा, ही बिलकुल नवी. बटण दाबलं का जल्दी चालू. दो कोस आवाज जातो." आमच्याकडे लाऊडस्पीकर पारखायची एकच रीत. एकानं इथं वाजवायचं आणि दुसऱ्यानं रानात चालत जायचं, आवाज येतोय तोवर हात वर ठेवायचा, बंद झाला की खाली. जेवढं लांब, तेवढं मशीन चांगलं. लग्नाला ते ठीकच आहे, गावभर कळायला पाहिजे ना. मी दुकानाच्या ओट्यावर बसून वाजवायला लागले आणि मामा काठी वर धरून बोळीतून जो निघाला तो ओढा ओलांडून पलीकडच्या बांधावर गेला. काठी वरच. ठिपक्याएवढा झाला, तरी काठी वरच. शब्बीरभाईंची छाती फुगली. मीही हरखले. एवढ्या लांब मामाला ऐकू जातंय, तर समोर बसलेल्या अण्णांना न जाऊन कसं चालेल? आम्ही तेच मशीन उचललं. मामाला ओढ्यापलीकडे गावाकडचा एक ओळखीचा भेटला होता, त्याच्याशी बोलताना काठी खाली घ्यायचं तो विसरला, हे त्यानं पुढे माझ्या लग्नात सांगितलं.

घरी आल्यावर अण्णांना पाटावर बसवलं. भोंगा त्यांच्याकडे तोंड करून खिडकीत ठेवला आणि मी बटण फिरवून जोरात पहिली तार छेडली. जे झालं ते आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज निघाला. शेजारची गाय दावं तोडून गेली. वसाहतीतले दोघंतिघं कारखान्याचाच भोंगा झाला समजून डबे घेऊन दारात आले. आणि अण्णा, ज्यांना माझी गिटार ऐकू यायची नाही, ते दोन्ही कानांवर हात दाबून वेदनेनं कळवळले. "बंद कर," म्हणाले. मग माझा चेहरा बघितला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "छान हाय. पण बंद कर." चपला घालून ते बाहेर निघून गेले.

पुढे कानाच्या एका डॉक्टरांनी मला समजावलं. यंत्रांच्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसाचे आधी बारीक, टोकदार सूर जातात, जाड सूर बराच काळ टिकतात. आणि वर असं की जे फार मोठं असतं ते अशा कानांना दुप्पट टोचतं. म्हणजे नेमकं अण्णांचं जे गेलं होतं तेच त्या भोंग्यात ठासून भरलेलं होतं. आम्हाला तेव्हा यातलं काय माहीत? ऐकू येत नाही म्हणजे आवाज मोठा करायचा, इतकं सरळ आमचं शहाणपण.

दोन दिवसांनी शब्बीरभाई मशीन परत न्यायला आले. मामानं त्यांना खरं कारण सांगून टाकलं होतं. ते ओट्यावर टेकले, मायनं दिलेला चहा बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, "अगोदर सांगायचं ना बहन. मी लग्नाची मशीन दिली. हे तर घरातलं काम हाय." मग जरा विचार करून म्हणाले, "माझ्याकडं एक पडलंय. परतूरच्या बाजारात तंबूतला सिनेमा लागायचा, त्याचं. तंबूवाल्यानं धंदा बंद केला. व्हॉल्व्हचं हाय. कोणी घेत न्हाई, लय वजन, लवकर चालू होत न्हाई. भंगारवाल्याला द्यायचं मनात होतं. तुम्हाला जमंल ते द्या."

ते मशीन उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आलं, मामाच्या घोंगडीत गुंडाळून. उतरवायला चार माणसं लागली. करड्या रंगाची लोखंडी पेटी, वर जाळी, आणि सोबत भोंग्याऐवजी माझ्या कमरेएवढा लाकडी खोका, त्यात कापडामागे भलामोठा स्पीकर. अण्णांची त्या दिवशी सुट्टी होती. ते दारात उभे राहून बघत होते. शब्बीरभाईंनी बटण फिरवलं. काहीच झालं नाही. माय आतून ओरडली, "बिघडलंय का काय?" शब्बीरभाई म्हणाले, "गरम होऊ द्या. जल्दी केली तर मरतं हे."

आणि हे वाक्य, कसं कोण जाणे, पण अण्णांना पोचलं. ते आत आले. "खरं हाय," म्हणाले. "आमची मिलबी अशीच. वाफ धरल्याबिगर लोड टाकता येत न्हाई." ते पेटीजवळ उकिडवे बसले. जाळीच्या आत आधी लाल ठिणगीएवढं काही दिसलं, मग त्या काचेच्या नळ्या पेटत पेटत नारिंगी झाल्या, आणि त्यांच्या उजेडानं अण्णांचा चेहरा उजळला. हंगाम होता, वसाहतीला कारखान्याच्या टर्बाईनची वीज होती, त्यामुळे तो उजेड जरासुद्धा थरथरत नव्हता. खोक्यातून एक हळू गुणगुण सुरू झाली. अण्णांनी कमरेच्या पट्ट्यातून आपला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. मिलच्या फिटर लोकांची ही जुनी तऱ्हा. बेअरिंग आतून खराब झालंय का ते बघायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली घरघर सरळ डोक्यात येते. अण्णांनी टोक त्या लाकडी खोक्याला टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले.

"जित्तं हाय," ते म्हणाले. "वाजव."

काकूंनी शिकवलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. बोटांत एकच चाल शिल्लक होती, ती मायची. संध्याकाळी कोकरं त्यांच्या आयांकडे सोडताना मायच्या माहेरच्या बायका एक लांबवलेली हाळी घालतात, अर्धी हाक, अर्धं गाणं. माय पीठ मळताना रोज तीच गुणगुणायची, अगदी हळू, स्वतःशी. मी सगळ्यात जाड तारेवर कांडी ठेवली आणि ती चाल सुरू केली. त्या खोक्यातून जो आवाज आला त्याला मला आजही शब्द सापडत नाही. तो मोठा नव्हता. तो भरलेला होता, खोलीत कढ आल्यासारखा पसरला. फडताळातल्या वाट्या बारीक किणकिणल्या. शब्बीरभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. काकूंच्या रेडिओत मी ऐकला होता तो या आवाजाचा लहान भाऊ होता. आपल्या हातून असं काही निघतंय यावर माझा विश्वास बसेना, मला वाटत होतं दुसरंच कुणीतरी वाजवतंय आणि मी ऐकतेय.

अण्णा हलले नाहीत. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात तेवढा घट्ट झाला. मी ओळ संपवून थांबले आणि "छान"ची वाट बघत राहिले.

"चुकतंय," अण्णा म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझी चूक काढली होती. "शेवटाला खाली न्हाई येत ती," ते डोळे न उघडता म्हणाले. "वर जाती. जरा थांबती, आन् मंग वर जाती. पुन्हा वाजव."

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा चुकलं. तोवर माय दारात आली होती, हाताला पीठ तसंच. "असं न्हाई गं," ती म्हणाली, माझ्याजवळ खाली बसली आणि तिनं ती ओळ म्हटली. मला दाखवायला म्हणून, अगदी खालच्या आवाजात. ती म्हणत गेली आणि मी तिच्या मागोमाग कांडी सरकवत गेले. शेवटाला ती थांबली, मी थांबले. ती वर गेली, मीही गेले.

"हां," अण्णा म्हणाले. "हीच." आणि त्यांनी डोळे उघडले.

समोर मायचे ओठ हलत होते. ते तिच्याकडे बघत राहिले, मग खोक्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. स्क्रू ड्रायव्हर कानामागून हळूच खाली आला. अण्णा बोलायचे तेही मोठ्यानंच, स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे. पण त्या वेळी त्यांच्या तोंडून इतकं हळू निघालं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"मला वाटलं," ते मायला म्हणाले, "तू म्हणायचंच सोडलं."

माय ओरडून सांगायला पुढे सरकली. रोज सांगायची तसं. पण तिला काही ओरडता येईना. तिनं पिठाचा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून.